खेळाच्या खात्यावर

आमच्या घरी हिशेबाची एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, लांबट, दुकानदाराच्या रोजकीर्दीसारखी. किराणा, दूध, औषधपाणी, वीज, शिक्षण, प्रवास, धर्मग्राम, पाहुणे आणि किरकोळ अशी तिच्यात नऊ खाती आहेत. ही रीत गृहिणीने माहेराहून आणली. महिन्याच्या अखेरीस संध्याकाळची रोझरी आटोपली की वही उघडते आणि बेरजा होतात. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा आमचा संसार या नऊ खात्यांत बिनबोभाट बसत आला. २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात मात्र दहा हजार रुपयांचा एक खर्च दारात येऊन उभा राहिला आणि तो कोणत्या खात्यावर घालावा हे काही केल्या ठरेना. तीन आठवडे घरात त्यावर बोलणे चालले होते. त्या बोलण्यातून आमच्याच मनाचे काही कोपरे आम्हांला दिसले आणि ते फारसे सुखावह नव्हते. वाचकांपैकी अनेकांच्या घरी थोड्याफार फरकाने हाच प्रसंग आला असेल, म्हणून तो येथे मांडत आहोत.

खर्च होता संगणकाच्या प्रोसेसरचा. तोही खेळण्याच्या संगणकाच्या.

२०१७ सालच्या नाताळात आमच्या थोरल्या चिरंजीवाने हा संगणक स्वतःच्या हाताने जुळवला. सुटे भाग त्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले होते. नाशिकरोडच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर दोन दिवस स्क्रू, वायरी आणि पुठ्ठ्याचे खोके यांचे राज्य होते. नाताळचा गोठा त्या वर्षी उशिराच मांडला गेला. यंत्रात ए.एम.डी. कंपनीचा रायझन ५ १६०० हा प्रोसेसर बसवला होता. तो त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बाजारात आलेला. टपालाच्या तिकिटाहून लहान अशा सिलिकॉनच्या चकतीवर ४ अब्ज ८० कोटी ट्रान्झिस्टर कोरलेले आहेत, असे चिरंजीवाने आम्हांला त्या वेळी मोठ्या अभिमानाने सांगितले होते. १९७१ साली इंटेल कंपनीने काढलेल्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरवर ते २,३०० होते. पुढे चिरंजीव नोकरीसाठी पुण्यास गेला आणि यंत्र धाकट्या कन्येच्या वाट्याला आले.

कन्येला मारामारीच्या खेळांत रस नाही. ती शहर वसवते. २०२३ च्या ऑक्टोबरात ‘सिटीज : स्कायलाइन्स २’ नावाचा एक खेळ निघाला, फिनलंडमधील एका छोट्या कंपनीने तो तयार केला आहे. त्यात मोकळी जमीन मिळते. रस्ते आखायचे, पाणी आणायचे, सांडपाणी वाहून न्यायचे, शाळा आणि दवाखाने बांधायचे, कर बसवायचा. माणसे आपण होऊन राहायला येतात. कन्येच्या शहरातून एक नदी वाहते, तिला दोन्ही तीरांवर घाट आहेत, आणि नदीपासून बऱ्याच अंतरावर रेल्वे स्थानक आहे. नाशिककराला हे शहर ओळखीचे वाटल्यावाचून राहणार नाही. या खेळात प्रत्येक रहिवाशाचा हिशेब यंत्र ठेवते: तो कोठे राहतो, कामावर कोणत्या रस्त्याने जातो, वाटेत खोळंबा झाला तर दुसरा रस्ता धरतो की नाही. लोकवस्ती एक लाखाच्या आसपास गेली आणि आमचे जुने यंत्र धापा टाकू लागले. शहरातला काळच मंदावला. बसगाड्या चालत होत्या, पण गुळात बुडालेल्या मुंगीसारख्या.

येथे यंत्राचे थोडे अंतरंग सांगणे भाग आहे. चपात्या करताना एक जण लाटते आणि एक भाजते. लाटणारी हळू असेल तर भाजणारी तवा तापवून नुसती बसून राहते. भाजणारी हळू असेल तर लाटलेल्यांची थप्पी साचते. संगणकात लाटण्याचे काम प्रोसेसरचे आणि भाजण्याचे, म्हणजे पडद्यावर चित्र रंगवण्याचे, ग्राफिक्स कार्डाचे. कोण मागे पडते ते ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. चित्राचा बारकावा अगदी कमी करावा. तसे करून खेळ वेगाने धावू लागला तर दोष कार्डाचा. तरीही मंदच राहिला तर दोष प्रोसेसरचा. कन्येने ही परीक्षा आमच्यासमोर घेतली. घाटाच्या पायऱ्या पुसट झाल्या, झाडांचे नुसते हिरवे गोळे उरले, आणि काळ होता तितकाच मंद राहिला. तिची तक्रार खरी होती.

दुकानात चौकशी केली. त्याच मदरबोर्डवर, त्याच खाचेत, रायझन ५ ५६०० हा २०२२ सालचा प्रोसेसर बसू शकतो असे समजले. त्यालाही कोअर सहाच, वीजही नाममात्र तितकीच, ६५ वॅट. मात्र रचना नवी आणि वेग बराच अधिक. किंमत दहा हजारांच्या घरात. सगळेच नवे घ्यायचे झाले तर मदरबोर्ड आणि मेमरीही बदलावी लागणार, आणि नेमके त्याच सुमारास मेमरीचे भाव चढू लागले होते. तेव्हा नवे यंत्र हा विचार पहिल्याच दिवशी बाजूला पडला. प्रश्न एवढाच उरला की जुन्यात हा नवा भाग घालावा, की आहे त्यावर भागवावे.

आमच्या तोंडून पहिल्याच संध्याकाळी जे वाक्य निघाले ते असे: “तुला पुढे वास्तुरचना शिकायची आहे ना? मग अभ्यासाला उपयोग होईल. शिक्षणाच्या खात्यावर घालू.” गृहिणीने पेन हातात घेतलेही होते. कन्या म्हणाली, “पप्पा, अभ्यासाला आहे तो संगणक पुरतो. मला हे खेळायलाच हवे आहे. शिक्षणाच्या खात्यावर लिहू नका.”

खरे सांगायचे तर आम्हांला तिचा रागच आला. आम्ही तिला पळवाट काढून देत होतो, आणि ती आपण होऊन अवघड दारासमोर जाऊन उभी राहिली होती. राग ओसरल्यावर मात्र मनात आले की ही पळवाट तिच्यासाठी नव्हतीच. ती आमच्यासाठी होती. खेळावर दहा हजार रुपये खर्च करणारा बाप होणे आम्हांला नको होते. शिक्षणावर खर्च करणारा बाप होणे चालत होते. रक्कम तीच, वस्तू तीच. बदलणार होते ते फक्त आमचे स्वतःविषयीचे चित्र.

दुसरे कारणही आमच्या हाताशी होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ साठी कंपनीने मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत आमचा २०१७ सालचा प्रोसेसर नाही. म्हणजे सुरक्षेसाठीच बदल करावा लागणार! हे कारण आम्हांला फारच आवडले. पुण्याहून फोनवर चिरंजीवाने त्यातली हवा काढून घेतली. घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष सुरक्षेची दुरुस्ती मिळण्याची सोय कंपनीने ठेवली आहे, आणि तेही नको असेल तर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली या यंत्रावर उत्तम चालते, असे तो म्हणाला. सुरक्षेसाठी दहा हजार मोजण्याची गरज नव्हती.

तिसरे कारण पर्यावरणाचे. पूर्ण यंत्र भंगारात काढण्यापेक्षा एक भाग बदलला तर कचरा कमी होतो, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकावर आमच्या धर्मग्रामात अभ्यासवर्ग झाला होता, आणि त्यात ‘वापरा आणि फेका’ या वृत्तीविषयी आम्ही स्वतः बोललो होतो. त्याचा आधार घ्यावा असे मनात आले. पण पूर्ण नवे यंत्र आम्ही घेणारच नव्हतो; ते पहिल्याच दिवशी बाजूला ठेवले होते. जी खरेदी होणार नव्हती ती टाळल्याचे पुण्य कोणत्या हिशेबाने पदरात घ्यायचे? दिवाळीच्या सवलतीत दुकानातून बाहेर पडताना ‘दोन हजार वाचवले’ म्हणणारा गृहस्थ आणि आम्ही एकाच पंक्तीत बसलो असतो.

अशी एकेक कारणे गळून पडली आणि शेवटी खेळ तेवढा शिल्लक राहिला.

या सगळ्या बोलण्यात आमचे वडील फारसे पडले नाहीत. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. १९७१ साली ते तेथे फिटर म्हणून लागले. नाशिकच्या वाचकांना कारखान्याची माहिती नव्याने सांगायला नको, पण इतरांसाठी थोडे सांगतो. १९६३ साली मिग-२१ हे रशियन बनावटीचे लढाऊ विमान आपल्या हवाई दलात आले, आणि ते भारतात बांधण्यासाठी तीन ठिकाणे निवडली गेली. सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला. ओझर नावाच्या खेड्याचा त्यानंतर कायापालट झाला. आमच्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबांच्या चुली त्या सांगाड्यांवर पेटल्या.

पुढे हे विमान म्हातारे झाले. त्याची जागा घेण्यासाठी देशी बनावटीच्या हलक्या लढाऊ विमानाची योजना १९८३ साली सुरू झाली होती, पण त्या विमानाने, म्हणजे ‘तेजस’ने, पहिले उड्डाण केले ते २००१ च्या जानेवारीत. मधल्या काळात मिग-२१ च्या ‘बिस’ जातीच्या सव्वाशेच्या आसपास विमानांना नवे रडार, नवी क्षेपणास्त्रे आणि वैमानिकाच्या शिरस्त्राणावर बसणारे नेम धरण्याचे साधन देण्यात आले. या सुधारलेल्या विमानाला ‘बायसन’ म्हणतात, आणि हे काम मुख्यतः ओझरला झाले. वडिलांनी नोकरीची शेवटची वर्षे या कामात घालवली. इंजिन मात्र जुन्याच जातीचे ठेवले होते. २०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानशी झालेल्या हवाई चकमकीतही बायसन विमाने होती. आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला शेवटच्या तुकडीने, ‘पँथर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने, या विमानाला निरोप दिला. दूरचित्रवाणीवर पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी चालली होती. वडील खुर्ची पुढे ओढून बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. तीन आठवड्यांनी ओझरला तेजस विमानाच्या नव्या बांधणी-मार्गिकेचे उद्घाटन झाले, त्या दिवशी मात्र त्यांनी शेजाऱ्यांना पेढे दिले.

प्रोसेसरच्या वादात एका रात्री ते म्हणाले, “आम्ही म्हाताऱ्या विमानाला नवे डोळे दिले. छाती तीच होती. कामात कसूर केली नाही, पण नव्या डोळ्यांनी बघणाऱ्याला वाटते की आपण तरुण झालो. तसे नसते. यंत्राला नवा भाग द्यायचा असेल तर आधी त्याचा सांगाडा अजून किती चालणार ते बघायचे, आणि भाग कशासाठी देतो ते स्वतःशी खरे बोलायचे. दुसरे मिळत नाही म्हणून देतो, तर तसे म्हणायचे.” मिग-२१ च्या अपघातांत गेलेल्या तरुण वैमानिकांचा विषय त्यांनी काढला नाही. ते कधीच काढत नाहीत. परंतु त्या वाक्यामागे ते सर्व उभे होते, असे आम्हांला वाटले. नंतर ते कन्येकडे वळले. “तुझ्या खेळात कोणी मरत नाही ना? मग एवढा विचार कसला करता?”

त्यांचा हा शेवटचा प्रश्न आम्हांला पटला नाही. विमानाच्या बाबतीत चूक झाली तर जीव जातो, म्हणून तेथे स्वतःशी खरे बोलणे अनिवार्य. खेळाच्या बाबतीत काहीच जात नाही, म्हणून तेथे थोडे खोटे चालेल, असे आहे काय? आमच्या मते माणूस कारणे रंगवण्याची सवय लहान खर्चावरच लावून घेतो. मोठ्या निर्णयाच्या वेळी ती आयती तयार असते.

सांगाड्याचा मुद्दा मात्र आम्ही मनावर घेतला. मदरबोर्ड तपासला, वीजपुरवठ्याचा डबा तपासला. येथे त्या प्रोसेसरच्या कंपनीविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ए.एम.डी.ने २०१७ साली ग्राहकांना सांगितले होते की ए.एम.४ ही खाच आम्ही २०२० पर्यंत चालवू. २०२० च्या मे महिन्यात कंपनीने जाहीर केले की येणारे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालणार नाहीत. ग्राहक नाराज झाले, आणि काही आठवड्यांतच कंपनीने त्याआधीच्या पिढीच्या बोर्डांपुरता निर्णय फिरवला. आमच्यासारख्या सर्वांत जुन्या बोर्डांना २०२२ साली परवानगी मिळाली. नाशिकचे द्राक्ष बागायतदार रानटी डॉगरीज जातीचा खुंट आधी लावतात, कारण तो खारे पाणी आणि पाण्याची टंचाई दोन्ही सोसतो, आणि मग त्यावर हव्या त्या जातीचे कलम बांधतात. खुंट चिवट असला की त्यावर बरेच काही वाढू शकते. आमच्या यंत्राचा खुंट चिवट निघाला. त्यात कंपनीच्या सदिच्छेचा वाटा किती आणि ग्राहकांच्या ओरडीचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

आता मूळ प्रश्न. खेळासाठी, केवळ खेळासाठी, पैसे खर्च करावेत काय?

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाबां’त बालपणीची एक आठवण लिहिली आहे. चेंडू खेळण्यात अभ्यास बुडतो म्हणून त्यांना मार मिळे; आणि मारणारे मोठे लोकही खेळतच असत, फक्त त्यांच्या खेळाला उद्योग म्हणत. ही आठवण आम्ही तरुणपणी वाचली तेव्हा हसलो होतो. या वेळी वाचली तेव्हा हातातला मोबाइल खाली ठेवला. गेल्या आठ वर्षांत आम्ही तीन मोबाइल बदलले. प्रत्येक वेळी ‘कामासाठी’ म्हणून. वहीत ते किरकोळ खात्यावर आहेत. त्यातल्या शेवटच्याची किंमत प्रोसेसरच्या दुपटीहून अधिक होती, आणि काम त्यावर पूर्वी होत असे तेवढेच होते.

संत थॉमस अक्वायनस तर याहून पुढे जातात. शरीर थकले की झोप लागते तसे मन थकले की त्याला खेळ लागतो, आणि खेळाचे योग्य प्रमाण राखणे हा एक सद्गुणच आहे, असे त्यांनी ॲरिस्टॉटलच्या आधाराने मांडले आहे. त्यासाठी ते संत योहानाविषयीची जुनी दंतकथा सांगतात. योहान शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोकांना धक्का बसला. तेव्हा त्यांनी एका धनुर्धाऱ्याला विचारले, तू सतत बाण सोडत राहिलास तर काय होईल? धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. ज्याला कधी हसताखेळता येत नाही आणि जो दुसऱ्याच्या हसण्याखेळण्यातही मोडता घालतो त्याच्यात दोष आहे, असे सांगायलाही संत थॉमस कचरत नाहीत. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात हा भाग आम्हांला कोणी शिकवल्याचे आठवत नाही!

तरीही मन पुरते मोकळे झाले नाही. त्याच सुमारास आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींनी मुलाच्या आय.टी.आय.च्या फीसाठी आठ हजार रुपये उसने मागितले होते. आम्ही कन्येला म्हणालो, “बघ, दहा हजारांत त्याचे वर्ष निघते.” बोलताना आवाजात थोडी धार होती, हे कबूल करतो. ती गप्प झाली. मग म्हणाली, “मग त्यांना द्या ना. माझे राहू द्या.”

आम्ही दोन दिवस काहीच केले नाही. प्रोसेसर घेतला नाही, आणि मावशींनाही पैसे दिले नाहीत. तिसऱ्या दिवशी गृहिणीने विचारले की नाकारलेले दहा हजार आहेत कोठे? ते बँकेत होते. नाकारलेला खर्च आपण होऊन गरिबाच्या दारी चालत जात नाही; बहुधा तो मुदत ठेवीत जाऊन बसतो. आधी शिक्षणाचे नाव पुढे करून आम्ही होकार सजवला होता, आता गरिबांचे नाव पुढे करून नकार सजवत होतो. यातील दुसरी लबाडी अधिक वाईट. पहिलीत निदान कोणाच्या अडचणीचा वापर नव्हता.

दानाविषयी लिहिताना संत थॉमस गरजेचे दोन अर्थ करतात. एक गरज अशी की जिच्यावाचून माणूस जगूच शकत नाही. दुसरी अशी की जिच्यावाचून त्याला आपल्या स्थितीला साजेसे जगता येत नाही. या दुसऱ्या गरजेची सीमा एका बिंदूवर ठरवता येत नाही, असे ते म्हणतात. पुष्कळ भर घातली तरी ती ओलांडली असे होत नाही, आणि पुष्कळ काढून घेतले तरी पुरेसे उरते. आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरांचा सगळा गोंधळ या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत चालतो. मावशींच्या मुलाची फी पहिल्या प्रकाराच्या जवळ जाणारी होती. आमच्या घरात जे काही आहे ते बहुतेक दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि त्यात प्रोसेसरच्या आधी मोडणाऱ्या कितीतरी वस्तू आहेत. दिवाणखान्यातला सोफा त्याच वर्षी मे महिन्यात घेतला. तेव्हा कोणाच्या फीची आठवण आम्हांला झाली नव्हती. आठवण झाली ती मुलीने काही मागितल्यावर. त्याच संध्याकाळी मावशींना आठ हजार दिले. उसने म्हणून नाही दिले, आणि ते प्रोसेसरच्या पैशांतूनही दिले नाहीत. आमच्या पुढच्या मोबाइलसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून दिले. हे लिहिताना संकोच वाटतो, कारण दानाची दवंडी पिटू नये असे आम्हांला शिकवलेले आहे. परंतु हे गाळले तर हिशेब पुरा लागत नाही.

एक शंका मात्र आजही उरली आहे. अठराव्या शतकात दिदेरो नावाचा एक फ्रेंच विचारवंत होऊन गेला. त्याच्या जुन्या झग्याच्या जागी एक नवा, भारी, किरमिजी रंगाचा झगा आला. त्या झग्याशेजारी जुनी खुर्ची शोभेना, मग खुर्ची बदलली. मग मेज, मग भिंतीवरची चित्रे. जुन्या झग्याचा आपण धनी होतो, नव्याचे गुलाम झालो, अशी कबुली त्याने पुढे एका लेखात दिली आहे. प्रोसेसर आला की ग्राफिक्स कार्ड मागे पडणार, कार्ड आले की पडदा जुना वाटणार. लाटणारीचा हात वाढला की भाजणारीला बोल लागतो. जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाविषयी असेच दाखवून दिले होते. वाफेची इंजिने कमी कोळशावर चालू लागली तेव्हा कोळशाचा खप घटला नाही, वाढला. आम्ही कन्येला विचारले, “वेग वाढला की तू शहर वाढवणार. दोन लाख वस्ती झाली की पुन्हा मंदावेल. मग?”

“मंदावेल,” ती म्हणाली. “मग तिथे थांबेन.”

“आताच का नाही थांबत?”

“आता नदीच्या एकाच तीरावर शाळा आहेत, पप्पा. पलीकडच्या मुलांना पूल ओलांडून यावे लागते.”

यावर काय बोलावे ते सुचले नाही. ती मुले नाहीत, ते आकडे आहेत, हे तिलाही ठाऊक आहे आणि आम्हांलाही. ती दोन लाखांवर थांबेल याची खात्री आम्हांला नाही. तरी शनिवारी जाऊन प्रोसेसर आणला.

तो बसवण्याचे काम आजोबा आणि नात या दोघांनी केले. चिरंजीव पुण्याहून मोबाइलवर बघत होता. त्याने जुळवलेले यंत्र आता त्याचे राहिले काय, असा एक तात्त्विक वाद त्याने मध्येच काढला. जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या तर जहाज तेच राहते का, हा ग्रीकांचा जुना प्रश्न. “स्क्रू तुझेच आहेत,” असे सांगून बहिणीने तो मिटवला. आधी बोर्डावरची बायॉस प्रणाली नवी करायची होती. त्या पाच-सात मिनिटांत वीज गेली तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून इन्व्हर्टर चालू आहे याची वडिलांनी तीनदा खात्री करून घेतली. मग यंत्र दहा मिनिटे चालवून गरम केले, कारण जुना लेप थंड असताना पंखा ओढला तर त्याला चिकटून प्रोसेसरच उपटून येतो आणि पिना वाकतात. वडिलांनी पंखा हलकेच डावीउजवीकडे फिरवला. सुटला. प्रोसेसरच्या पोटाखाली १३३१ पिना असतात. एकही वाकली नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांचा हात तसूभरही थरथरला नाही, हे पाहून आम्ही बाहेर अंगणात जाऊन उभे राहिलो.

रात्री शहर चालू झाले. पूर्वी तिथे एक दिवस सरेपर्यंत आमचे जेवण होऊन भांडी घासून व्हायची. आता बसगाड्या बसगाड्यांसारख्या धावू लागल्या. काढलेला जुना प्रोसेसर नव्याच्या खोक्यात घालून कपाटात ठेवला आहे. मावशींच्या मुलाला संगणकाची आवड आहे, पण बोर्ड आणि मेमरी नसताना नुसता प्रोसेसर देणे म्हणजे चूल नसलेल्याला पळी देणे. त्याचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही.

महिनाअखेरीस वही उघडली. गृहिणीने किरकोळ खात्याचे पान काढले होते. कन्येने ते उलटले आणि शेवटचे कोरे पान पुढे सरकवले. त्यावर ‘खेळ’ असे दहावे खाते लिहिले गेले, आणि खाली पहिली नोंद: प्रोसेसर, रु. १०,२००. आम्ही वही मिटणार एवढ्यात वडिलांनी खिशातून एक चुरगळलेली पावती काढून टेबलावर ठेवली. कॅरमच्या सोंगट्या आणि पावडर, रु. ३४०. गेली कितीतरी वर्षे ते हा खर्च आपल्या पेन्शनमधून, औषधपाण्याच्या नावाखाली भागवत आले होते.